गाळलेल्या पाण्याचा नवस

आजच्या पोरांना नारू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, याचा मला अजूनही आनंद होतो. पांढरा दोरा असतो तो, शेवयीएवढा जाड आणि हात-दोन हात लांब. माणसाच्या पायात वाढतो, उन्हाळ्यात कातडीवर फोड आणतो आणि फोड फुटला की तोंड बाहेर काढतो. मग त्याला काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई करून तोडला की पाय पिकलाच म्हणून समजा. माझ्या सासरी चैत्रापासून मृगापर्यंत गावाला दुसरा उद्योग नसे. ऐन पेरणीच्या तोंडावर धडधाकट गडी ओट्यावर पाय पसरून काड्या फिरवत बसलेले असायचे.

मी लग्न होऊन तिथं गेले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. गाव येडशी आणि कळंबच्या मधलं. माझं माहेर धाराशिवकडचं. आमच्याकडं आडाचं पाणी दोरीनं शेंदून घ्यायचे, त्यामुळं नारू ऐकून होते, पाहिला नव्हता. सासरी बारव होती. तिच्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या, तिथंच पाय धुवायच्या आणि तिथंच ओंजळीनं प्यायच्या. पाणी मात्र गोड होतं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, त्या पाण्याचा एवढा गर्व की कुणाला वाटावं बारव यांनीच खणली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, पाडव्याच्या सुमाराला, माझ्या नवऱ्याला गुडघ्याच्या वाटीजवळ नारू निघाला. दरसाल यांना एखादा व्हायचाच, पण घोट्याला नाहीतर पावलाला. गुडघ्यावरचा हा पहिलाच. आग व्हायला लागली तशी आत्याबाईंनी लेकाला हाताला धरून बारवेवर नेलं आणि पाय पाण्यात सोडून बसवलं. गावात सगळे हेच करत. गार पाण्यात आग थांबते, हे काही खोटं नव्हतं. पण घरी येऊन यांनी काडी जरा जोरात फिरवली आणि दोरा आतच तुटला. गुडघा टम्म फुगला, अंग तापानं भाजायला लागलं, तेव्हा बैलगाडीत घालून कळंबच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथले डॉक्टर जुन्या राजवटीत नोकरीला लागलेले, बोलण्यात निम्मं उर्दू आणि स्वभावानं तापट. त्यांनी गुडघा चिरून पू काढला, सुई टोचली आणि मला बाहेर बोलावलं. "बाई, ह्या खेपेला गुडघा वाचला," ते म्हणाले. "ह्याच जागी पुन्हा नारू फुटला तर सांधा कायमचा आखडेल. मग हा माणूस ना तिफण धरील, ना मांडी घालून जेवील. खयाल ठेवा."

"पण पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?"

हा प्रश्न त्यांना फारसा कुणी विचारत नसावं. ते जरा निवले. आमच्याच तांब्यातलं बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात ओतून त्यांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला. पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे कण होते आणि ते उड्या मारत होते. "नारूची पिलं ह्यांच्या पोटात असतात. हे तुम्ही पिता. वर्षभरानं नारू पायातून निघतो. तो पाय तुम्ही बारवेत बुडवता, की पिलं परत पाण्यात. चौपदरी कपड्यातून पाणी गाळा आणि नारूचा पाय पाण्यात घालू नका. दुसरं बिलकूल काही नको."

"आणि आधीच पोटात गेलं असेल त्याचं?"

"त्याला औषध नाही. वर्ष जाऊ द्या, मग कळेल."

घरी आल्या आल्या मी यांचं जुनं धोतर फाडलं, चौपदरी केलं, वरची बाजू ओळखू यावी म्हणून कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला आणि घागरीच्या तोंडाला बांधलं. आत्याबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आमच्या बारवंच्या पाण्यात काय पडलंय गाळाया?"

डॉक्टरांनी सांगितलं ते मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाल्या, "नारू म्हंजी शीर असती. आंगातली उष्णता वाढली की शीर सडून भाईर येती. माज्या सासऱ्याला निघाली, मला निघाली, लेकाला निघाली. पाण्याचा काय संबंध? आता सुनंनं आमाला पाणी प्यायला शिकवायचं व्हय?"

"शिरेला पिलं कशी होतील, आत्याबाई?"

"तू तुज्या नवऱ्याला पाज. मी न्हाय पीत फडक्यातलं पाणी."

त्या दिवसापासून घरात पिण्याच्या दोन घागरी झाल्या. एक यांची आणि माझी, एक आत्याबाईंची. यांचा स्वभाव गरीब. बायको देईल ते पाणी प्यायचे आणि आई बोलेल ते ऐकून घ्यायचे. घरात एवढ्यावर भागलं. अडचण बाहेर आली, कारण वैशाखात लग्नं असतात आणि लग्नात पंगती असतात.

सोयऱ्यांच्या एका लग्नाला गेलो. हे काठी टेकत पंगतीत बसले, पाय पुढं पसरून. पाणी वाढायला आलं तसं मी यांच्या तांब्याच्या तोंडावर फडकं धरलं. वाढणारा थांबला, शेजारच्या पानांवरचे हात थांबले आणि मुलीचा बाप तरातरा आमच्यापर्यंत आला. "आमचं पाणी बाटलंय व्हय, ताई? का आमी पंगतीला बसवायच्या लायकीचे न्हाव?"

आता ह्या माणसाला पेल्यातले पांढरे कण कसे समजावणार? म्हटलं असतं की तुमच्या पाण्यात किडे आहेत, तर पंगत तिथंच मोडली असती. आत्याबाई बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडं बघत होत्या, आता कशी सापडलीस अशा नजरेनं. ती नजर बघून माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तसं न्हाई, मामा. नवस हाय. तुळजापूरच्या आईचा. पुढच्या मृगापर्यंत गाळल्याबिगर पाणी प्यायचं न्हाई आणि बारवंत पाय घालायचा न्हाई."

मामांचा चेहरा पार बदलला. "मग आधी सांगायचं की," ते म्हणाले, आणि त्यांनी घरातून कोरं कापड मागवून पाण्याचा सगळा रांजणच गाळून घेतला. डॉक्टरांचं नाव घेतलं असतं तर भांडण झालं असतं. देवीचं घेतलं तर अख्ख्या पंगतीला गाळलेलं पाणी मिळालं. मला एवढं हसू येत होतं की मी पदर तोंडाला लावून बसले. पुढं यांना कुठंच अडचण आली नाही. शेजारच्या रानातले लोकसुद्धा हाक मारून सांगायचे, "तुमच्यासाठी गाळून ठिवलंय बरं का."

आत्याबाई मात्र परतीच्या वाटेवर गाडीत माझ्याकडं पाठ करून बसल्या. गावाची शीव आली तेव्हा त्यांनी विचारलं, "नवस कवा बोललीस?"

"पंगतीत."

"देवीला मधी घातलीस. आता नारू निघाला तर तुजं काय जायचं न्हाय. तिचं नाव जाईल, आन् माज्या लेकाचा पाय जाईल."

हे माझ्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. घरी गेल्यावर मी देव्हाऱ्यापुढं उभी राहिले, कुंकू वाहिलं आणि तो नवस नीट, तोंडानं म्हणून बोलले. आता तो पाळायचाच होता.

मग वर्षभर वाट बघणं आलं. आत्याबाई मला दाखवून दाखवून बारवेवर ओंजळीनं पाणी प्यायच्या आणि वर "गार लागतंय" म्हणायच्या. मी रोज सकाळी यांचे पाय तपासायची. डास चावला तरी माझा जीव खालीवर व्हायचा. "बाजारात बैल बघत्यात तसं बघू नगंस," हे म्हणायचे. पण पाय पुढं करायचे, कारण भीती त्यांनाही होती. गुडघा आता बरा वाकत होता, आणि तेच जास्त भीतीचं होतं, कारण आता गमावण्यासारखं काही होतं.

पुन्हा चैत्र आला. गावातले ओटे नारूवाल्यांनी भरायला लागले. यांचे पाय स्वच्छ. वैशाख लागला, तरी स्वच्छ. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आत्याबाई लुगडं जरा खाली सोडून चालताहेत आणि उजवं पाऊल टेकवत नाहीत. मी वाकून बघितलं. घोट्याखाली फोड होता, आणि फोडातून पांढरं टोक डोकावत होतं.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. त्यांना दुखत होतं याचा नव्हे, माझं खरं निघालं याचा. पण त्या घडीला दोन्हीत फारसा फरक नव्हता. एका चुलीवर जेवणारी माणसं, नुसत्या घागरी वेगळ्या. याहून मोठा पुरावा कुणी द्यायचा? पण मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "दात काढू नगंस. मिरुग आजून लांब हाय."

दोन दिवसांनी आग सुरू झाली आणि आत्याबाई काठी घेऊन बारवेकडं निघाल्या. मी घाबरून मागं धावले. त्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या. खाली बायका पाणी भरत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आवो काकू, या की खाली. पाय सोडा पाण्यात, बरं वाटंल."

आत्याबाई पाण्याकडं बघत राहिल्या. वेदनेनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "न्हाय," त्या म्हणाल्या. "नवस हाय."

"नवस तुमच्या लेकाचा, तुमचा कुठं हाय?"

"लेक हेच पाणी पितो न्हवं? त्यात मी पाय घालू व्हय?"

त्या क्षणी मी त्यांच्यावरचा सगळा राग विसरले. मी घागर भरून आणली, त्यांना बांधाच्या पलीकडं बाभळीखाली बसवलं आणि थंड पाण्याची धार त्यांच्या पायावर सोडत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या, पण आता राखणीला. नारूचा पाय घेऊन कुणी आलं की काठी आडवी करायच्या. "देवीचा नवस हाय, आन् सगळ्या गावाचा हाय." गावाला कुणी विचारलं होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. धडधाकट बायका घागरी भरून वर आणायच्या आणि दुखणाईतांच्या पायावर बाहेरच ओतायच्या. त्या एका काठीमुळं पुढच्या उन्हाळ्यात गावात अगदी मोजके नारू निघाले आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून कुणालाच नाही. पण ते नंतरचं. त्या साली आमच्या घराचं लक्ष एका गुडघ्यावर होतं.

मृग लागला. रानात पेरणीजोगा वाफसा आला. यांनी तिफण धरली आणि मी चाड्याच्या लाकडी वाटीवर मूठ धरून मुगाचं बी सोडत मागून चालले. सकाळभर हे ढेकळांतून न लंगडता चालत होते. आत्याबाईंच्या पायाला फडकं बांधलेलं, तरी त्या हट्टानं गाडीत बसून रानात आल्या होत्या. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडली, गाळलेल्या पाण्याचं मडकं शेजारी ठेवलं. हे मांडी घालून बसले, पोटभर जेवले आणि कशालाही हात न टेकता उठले.

"पुन्यांदा बस बघू," आत्याबाई म्हणाल्या.

हे बसले आणि उठले.

"आणखी एकदा."

"माय, पोटात भाकर हाय," हे हसत म्हणाले. पण बसले, आणि पुन्हा उठून आईसमोर ताठ उभे राहिले. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले, लपवले नाहीत. मग आपला पेला माझ्यापुढं धरला. "पोरी, त्या तुज्या मडक्यातलं ओत."

मी ओतलं. त्या एका दमात प्याल्या आणि पेला पुन्हा पुढं केला.