पापण्यांवरचा धुरकट रंग

आम्ही नाशिक सोडून चेन्नईला आलो, त्याला नऊ वर्षं झाली. मी श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात रंगकामाच्या विभागात आहे. बायको अड्यारच्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिथल्या शिक्षिकांनी जुन्या सिनेगीतांचा कार्यक्रम बसवला. सगळ्याजणींनी त्या काळच्या नट्यांसारखं नटायचं ठरलं: उंच अंबाडा आणि डोळ्यांवर काळा, धुरकट रंग. दहा दिवस आधी ही बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली.

कार्यक्रमाच्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती डाव्या हाताने आरशासमोर खटपट करत होती. काजळ थेट भुवईला लागलं. तिने पेन्सिल टाकली.

"येत नाही म्हणून कळवून टाकते."

"मी करून बघू?"

"तुम्ही?"

"दिवसभर रंगाच्या कडाच तर बघत असतो."

मोबाइलवर व्हिडिओ लावला. रंगाची पावडर उडायला लागली म्हणून पंखा बंद केला. दोघंही घामाने निथळत होतो. मी पापणीच्या कडेला जाड काजळ भरलं आणि बोटाने वर ओढलं. तिने आरशात पाहिलं.

"अहो, कुणीतरी ठोसा मारल्यासारखं दिसतंय!"

खोबरेल तेलाने सगळं पुसलं. दुसऱ्यांदा घाई केली नाही. आधी तपकिरी रंगाचा पातळ हात दिला आणि तो पापणीच्या खोबणीपर्यंत विरवत नेला. मग काजळाची रेघ ओढून ती सुकायच्या आत कापसाच्या काडीने पुसट केली. बाहेरच्या कोपऱ्याशी जरा वर उचलली. हे जमलं.

इतक्या जवळून तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. डोळ्याखाली थोडं काळं सांडलं होतं, ते मी पुसायला लागलो. दोनदा पुसलं, तरी जाईना. मग लक्षात आलं की तो रंग नव्हताच.

"तू झोपत नाहीस का?"

"रात्री हात ठणकतो."

"मला उठवायचं नाही का?"

"तुमची पहाटे पाचची बस असते." मग म्हणाली, "आता दुसरा डोळा. आणि रडवू नका, सगळं ओघळेल."

दुसरा डोळा पहिल्यापेक्षा थोडा गडद झाला. ती म्हणाली, स्टेजवरून कुणाला कळतंय. अंबाडा शेजारच्या मामींनी घालून दिला.

प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती रांगेत तिसरी उभी राहिली आणि तिच्या वाट्याची दोन्ही गाणी म्हणाली. एका ओळीला तिचा सूर लागला नाही, तेव्हा शेजारच्या संगीत शिक्षिकेने तिच्या पाठीवर हात ठेवला. कार्यक्रमानंतर त्याच बाईंनी विचारलं, "कुठल्या पार्लरला गेला होतात?" हिने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या हसल्या, त्यांना ते खरं वाटलं नाही.

सोमवारी मी प्लास्टर निघेपर्यंत दुपारची पाळी मागून घेतली. रात्री ती कण्हली की मी उठायचो, उशी हाताखाली सरकवायचो आणि तिला पुन्हा झोप लागेपर्यंत बसून राहायचो.