आत जाणारं पोट

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम सुरू झाला की सगळं गाव शिंकायला लागे. बाजारातला नाकात झोंबणारा खाट स्टेशनपर्यंत यायचा. वच्छलाबाईंच्या योगवर्गाला बाया आल्या त्या मुळात या खोकल्यापायीच. कुणाला दमा, कुणाची कंबर धरलेली, कुणाला नुसतंच तासभर घराबाहेर पडायचं असे.

वच्छलाबाईंचे यजमान चुडामणभाऊ रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वच्छलाबाईंची पाठ इतकी गेली, की कळशी उचलवेना. माहेरच्या ओळखीतून त्या नाशिकच्या एका शिबिराला गेल्या. पाठ सुधारून आल्या आणि येताना माणसाच्या स्नायूंचा मोठा रंगीत तक्ता घेऊन आल्या. कातडी सोललेला तो माणूस मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये खिळ्याला लटकला, तेव्हा दोन बायांनी पदर तोंडाला लावला होता.

पण शिकवायची त्यांची रीतच तशी होती. माझं बघून करा, असं त्या म्हणत नसत. भुजंगासनात बाई हातांवर जोर देऊन उठू लागली, की तिच्या कण्याजवळ दोन बोटं ठेवून म्हणायच्या, उचलायचं ते इथून, हात नुसते टेकलेले. पुढे वाकताना श्वास का सोडायचा, हेही समजावत. आणि सगळ्यात जास्त बोलत त्या फासळ्यांखालच्या पडद्याबद्दल. तो छत्रीसारखा असतो, श्वास घेतला की खाली सरकतो, आतडी दाबतो, म्हणून पोट वर येतं. शवासनात प्रत्येकीला पोटावर हात ठेवायला लावत. श्वास आत, पोट वर. इतकं साधं.

शहनाज ही हाशम शिंप्याची बायको. दमेकरी. वर्गात आली तेव्हा धड वाक्य पुरं करता येत नव्हतं तिला. दोन वर्षांत तिचा दमा बराच आटोक्यात आला. ती बाईंच्या उजव्या हाताला, अगदी जवळ सतरंजी टाके.

एकोणनव्वद सालच्या पावसाळ्यानंतर वच्छलाबाईंना सर्वांगासनात गुदमरायला झालं. पाय वर गेले की पोटातला सगळा भार पडद्यावर येतो, हे त्यांना माहीत होतं. वय झालं, वजन वाढलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मग सुरुवातीचा ओंकार तोकडा पडू लागला. बायांचा सूर लांबत राही आणि बाई मध्येच थांबून पुन्हा श्वास घेत. दंडात कातडीखाली काहीतरी बारीक वळवळे, जसं माशी बसली तर बैल पाठ थरथरवतो तसं. ब्लाउजची बाही त्यांनी कोपरापर्यंत वाढवली. शवासनात स्वतः आडवं व्हायचं त्यांनी सोडून दिलं. तेवढा वेळ त्या बायांमधून फेऱ्या मारत.

माघात तीन-चार नव्या बाया आल्या. त्यांना दाखवायला म्हणून वच्छलाबाई दोन-तीन महिन्यांनी उताण्या झोपल्या. डोळे मिटून बोलत होत्या, श्वास घ्या, पोट वर येऊ द्या. नव्या बाया छताकडे बघत होत्या. शहनाज बाईंकडे बघत होती.

वर्ग सुटला तरी ती सतरंजीची घडी करत रेंगाळली.

"बाई, एक बोलू? तुम्ही श्वास घेता तेव्हा तुमचं पोट आत जातं."

वच्छलाबाई पुन्हा आडव्या झाल्या, पोटावर तळवा ठेवला. श्वास घेतला. तळवा खाली गेला. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. मानेचे दोर मात्र ताणून वर येत होते. छाती वर ओढण्याचं काम आता ते करत होते.

"पडदा चालत नाही, शहनाज," त्या शांतपणे म्हणाल्या. मग उठायला त्यांना तिचा हात धरावा लागला.

घरी सांगू नकोस, एवढंच त्यांनी बजावलं. शहनाजने शब्द पाळला, पण त्यानंतर रोज वर्गात तिची नजर बाईंच्या मानेवर जाई. दोर रोज जरा जास्त दिसत.

घरात ते आधी सासू सुंदरबाईंनी ओळखलं. भरदुपारी सून भिंतीला टेकून, मान टाकून झोपलेली दिसे.

"वच्छला, तू बसीसन काबर झोपस?" त्यांनी विचारलं.

आडवं झालं की गुदमरतं, हे तेव्हा वच्छलाबाईंना सांगावंच लागलं.

चुडामणभाऊंनी त्यांना धुळ्याला नेलं, तिथून मुंबईला. स्नायूंत सुया टोचून तपासण्या झाल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्या होत्या. औषध नव्हतं. डॉक्टर चुडामणभाऊंना बाजूला बोलावू लागले, तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या, माझ्यासमोर बोला, मला स्नायू कळतात.

"यात हातपाय आधी जातात आणि पडदा शेवटी. असंच ना?"

"बहुतेकांचं तसंच होतं," डॉक्टर म्हणाले. "तुमचा आधी गेलाय."

परतीच्या गाडीत चुडामणभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. वच्छलाबाईंनी नवऱ्याला एकच सांगितलं, वर्ग बंद करायचा नाही.

वर्ग त्यांनी शहनाजकडे दिला. यावरून कुजबुज झाली, दोघी-तिघी यायच्या थांबल्या. वच्छलाबाईंनी त्यांना निरोप धाडला की दमा जात विचारत नाही. एक परतली, बाकीच्या नाहीच आल्या. हाशमच्या घरीही थोडी धुसफूस झाली, पण बायकोचा श्वास कुणी परत आणला हे तो विसरला नव्हता.

वच्छलाबाई हॉलमध्ये खुर्चीत बसून असत. आधी पुरी वाक्यं बोलत, मग तीन शब्दांवर थांबत, मग दोनांवर. हात मांडीवर पडलेले, अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडलेला. डोकं मात्र लखलखीत होतं. कुठला स्नायू उरलाय, कुठला चाललाय, ते त्या शहनाजला सांगत आणि तिथे बोट ठेवून बघायला लावत. एकदा शहनाजला रडू आवरलं नाही. बाई थांबत थांबत म्हणाल्या, "बघून घे. पुस्तकात एवढं नीट दिसत नाही."

नव्वदच्या दिवाळीनंतर त्यांना हॉलमध्ये आणणं थांबलं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी सुंदरबाई चहा घेऊन गेल्या, तेव्हा वच्छलाबाई उशांना टेकून बसलेल्या होत्या, डोळे उघडे. मानेचे दोर सैल झाले होते.

निरोप आला तेव्हा शहनाजचा वर्ग चालू होता. बाया शवासनात होत्या. तिने कुणाला उठवलं नाही. निरोप आणणाऱ्या, मालधक्क्यावरच्या पुनाभाऊंना हातानेच दारात थांबवलं, आणि पंधरा बायांची पोटं वर येताना, खाली जाताना बघत ती तशीच उभी राहिली.