पाल आणि दोनशे लिटरची अट

माझ्या मेव्हण्यानं पाली पाळल्या होत्या. घरात पाली असणं वेगळं. त्या सगळ्यांच्याच घरात असतात आणि कुणी त्यांना बोलावलेलं नसतं. यानं त्या पुण्याहून काचेच्या पेटीत घालून, एसटीत मांडीवर धरून आमच्या घरी आणल्या. एकूण तीन पेट्या. दोन पेट्यांत एकेक पाल आणि तिसरीत नारिंगी पट्ट्यांचा एक परदेशी, बिनविषारी साप. पुण्यातली त्याची कंपनी बंद पडली होती आणि तो थोडे दिवस बहिणीकडं राहायला आला होता. ते थोडे दिवस मी मोजले आहेत. सहा महिने अकरा दिवस.

त्याचं वय बत्तीस. डोक्यात उद्योग असा की या पालींची पिल्लं करायची आणि शहरातल्या हौशी लोकांना पुरवायची. गावात दुष्काळ, वडवणीच्या आठवडी बाजारात भाजीपेक्षा रिकाम्या टोपल्या जास्त, आणि हा मला सांगतो की मादीच्या पोटात दोन अंडी दिसतायत. मी विचारलं, नर कुठं आहे? तर म्हणाला, दोन्ही माद्याच निघाल्या. म्हणजे चार महिन्यांत उद्योगाची प्रगती एवढी.

पालींचं वर्णन करतो. वीतभर लांब, पिवळ्या, अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके, शेपूट गाजरासारखं जाड. आपल्या पालीसारखी ही भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना ती चिकट गादीच नसते. काच फूटभर उंच होती आणि तिच्यावर ती कधी चढली नाही. हे मी पहिल्या आठवड्यातच नीट पाहून ठेवलं होतं. ती चुकचुकतही नाही. शेजारणी विचारायच्या की मग शुभ-अशुभ कळायचं कसं? त्याच शेजारणी सापाच्या पेटीला हळदकुंकू लावून जायच्या. साप म्हटला की हात जोडायचे आणि पाल म्हटली की थुंकायचं. विचारलं तर कारण कुणालाच सांगता येत नाही.

खाणं म्हणजे किडे. त्या वर्षी रानात नाकतोडासुद्धा उरला नव्हता, म्हणून मेव्हण्यानं गव्हाच्या भुशात अळ्या वाढवल्या. भुसा माझ्या म्हशीचा. म्हैस गावाबाहेर चारा छावणीत, तिच्या वाट्याचा भुसा आमच्या माळवदाच्या मागच्या खोलीत, आणि त्यात अळ्या. पाणी मात्र फार लागत नव्हतं, खोटं कशाला बोलू. दिवसाला दीड पेला. लागायला लागलं ते एप्रिलपासून. त्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की पेटीत बत्तीस डिग्री ऊब हवी, त्यासाठी वर दिवा लावा. हा शहाणा बीड जिल्ह्यात एप्रिलमध्ये पालीला दिवा लावून ऊब देत होता. मी दुधाचा थर्मामीटर आणून पेटीत ठेवला. एकेचाळीस. तेव्हा कुठं दिवा गेला आणि पेट्यांवर ओली पोती आली. पोती ओली ठेवायला रोज दोन कळशा पाणी, आणि टँकर दर चौथ्या दिवशी.

दुधाचा थर्मामीटर माझ्या घरात होता, कारण गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी मी, आणि संकलन केंद्र माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत. चांगल्या पावसाच्या वर्षी रोज सातशे लिटर दूध मोजलेलं आहे मी. त्या वर्षी ते दोनशेदहा-दोनशेवीसवर आलं होतं. साखर कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप लवकर थांबलं, ऊसच नव्हता. ऊसतोडीला गेलेल्या बाया वेळेआधी परत आल्या, आणि जी काही जनावरं छावणीत तगून होती त्यांच्या दुधावर त्यांची घरं चालली होती. तालुक्याच्या दूध संघानं कळवलं होतं की गाडी आता फक्त सकाळी येईल, आणि ज्या गावाचं दूध लागोपाठ तीन दिवस दोनशे लिटरच्या खाली जाईल त्या गावाची गाडी बंद. डिझेल परवडत नाही. अट कडक होती, पण वाजवी होती. मी ती मोठ्या अक्षरात लिहून खोलीत लावली. आमच्याकडं दहा-वीस लिटरचा काय तो वाव. एक छावणीतली गाय आटली तरी मला झोप लागत नव्हती.

तर एका सकाळी उकाडा होतो म्हणून मेव्हण्यानं पेटीचं झाकण चार बोटं उघडं ठेवलं. पोत्याच्या कडेला धरून पाल बाहेर पडली आणि गारवा शोधत पुढच्या खोलीत आली. तिथं फरशी ओली असते. दूध घालायला आलेल्या बायांची रांग अर्धी झाली होती. पहिल्या नंबरला नेहमी येणारी एक म्हातारी दूध घालून झालं तरी भिंतीला टेकून बसायची, सगळ्यांचं माप बघत. तिनंच आधी पाहिलं.

“सेक्रेटरी,” ती शांतपणे म्हणाली, “ही पाल हाय का घोरपडीचं पिल्लू?”

पाल चौथ्या कॅनच्या बुडाशी बसून पापण्या मिटत होती. कॅनची झाकणं लागलेली होती. उघडं फक्त एक, आणि त्याच्यावर गाळणीचं फडकं. कॅन पावणेदोन फूट उंच, ॲल्युमिनियम गुळगुळीत. पाल दुधात गेलेली नव्हती, जाऊ शकतच नव्हती. पण पाल आणि दूध ही दोन नावं एका खोलीत आली की आमच्याकडं पुढचं कुणी ऐकत नाही. पाल पडलेलं दूध विष, ते ओतून द्यायचं, कुत्र्यालाही घालायचं नाही. उरलेली रांग दुधाच्या चरव्या पदराखाली घेऊन घरी गेली. ज्यांनी घातलं होतं त्या म्हणाल्या, ओतून द्या. मी नाही ओतलं. चांगलं दूध दुष्काळात ओतायला माझा हात धजत नाही. ब्याण्णव लिटर गाडीत चढवलं, आणि दुपारपर्यंत गावभर झालं की सेक्रेटरीनं पालीचं दूध शहरात पाठवलं.

मेव्हणा म्हणाला, “दाजी, लोकांना माहिती न्हाई वो. ही लई गरीब जात हाय. मी समजावून सांगतो.”

मी त्याला आत बसायला सांगितलं. समजावून मी सांगणार होतो. मला वाटायचं, माणसाला डोळ्यांनी दाखवलं की प्रश्न मिटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या समोर एक रिकामा कॅन खोलीच्या मधोमध ठेवला, पालीला आणलं आणि कॅनमध्ये सोडलं. घड्याळ काढून दहा मिनिटं धरली. पाल दोनदा वर चढायला गेली, घसरली, आणि मग बुडाशी पडून राहिली. मी विचारलं, जिला आतून वर येता येत नाही ती बाहेरून चढून आत कशी जाईल? कुणी वाद घातला नाही. बायांनी आळीपाळीनं कॅनमध्ये डोकावून पाहिलं. मला वाटलं, झालं.

मग म्हातारी उठली. म्हणाली, “पटलं. काल न्हवती पडली दुधात. पर आज तुमीच की वो तिला कॅनात घातली.”

दुसरी बाई म्हणाली, ठीक, तो एक कॅन बाजूला ठेवा. पण मी पाल काढून ठेवायला मागं गेलो तेवढ्यात माझ्या मुलानं मदत म्हणून तो कॅन उचलून बाकीच्या सातांत लावून टाकला होता. आठ कॅन, एकाच घडणीचे. ज्या माणसानं घरातल्या कळशांवरसुद्धा आकडे रंगवले आहेत, त्यानं सोसायटीच्या कॅनवर नंबर घातले नव्हते. आता आठही कॅन पालीचे झाले. मेव्हण्याच्या अकलेबद्दल मी चार महिने जे बोललो होतो ते सगळं त्या दिवशी माझ्यावर बसवलं तर कमीच पडलं असतं. त्या दिवशी जमलं एकेचाळीस लिटर.

तिसऱ्या दिवशी पहाटे बायकोनं अंगणात चूल मांडली. घरातलं पिण्याचं सोडून सगळं पाणी, सहा कळशा, उकळलं. आठही कॅन राखेनं घासले, उकळत्या पाण्यानं धुतले, आणि हे सगळं बाया येऊन उभ्या राहिल्यावर केलं, आधी नाही. मग आमच्या म्हशीचं दूध एका कॅनमध्ये ओतलं, त्यातलं तांब्याभर काढलं आणि भावाच्या पुढं धरलं. घरात पाली आणणारा तो, प्यायचं त्यानं.

त्यानं तांब्या हातात घेतला, तोंडाला लावला नाही. रात्री पाल खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस. म्हणाला, “अक्का, मी दूध पीत न्हाई.”

“कालपर्यंत पीत हुतास.”

“आज नको.”

बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याच्या हातातला तांब्या घेतला आणि उभ्यानं प्यालो. शेवटचे दोन घोट जड गेले, हेही सांगतो. मला माहीत होतं की त्यात काही नाही, आणि तरी गेले. तांब्या उलटा करून दाखवला. म्हातारीनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली की पालीचं विष लगेच चढत नसतं, एक दिवस लागतो, उद्या बघू. आणि चरवी उचलून निघाली. तिच्यामागं बरीचशी रांग. जमलं त्रेसष्ट लिटर.

मी त्यांना अटीचा कागद दाखवला. आज तिसरा दिवस आहे, उद्याला अर्थ नाही, हे तीनदा सांगितलं. एकजण म्हणाली की भाऊ, तुमी जिवंत ऱ्हायलात तर गाडी कुठं जाती? माझ्या मरणाची वाट बघायला त्यांना चोवीस तास होते, गाडीला नव्हते.

चौथ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी अंगणात माणसं. आधी मला बघून घेतलं, मग चरव्या पुढं केल्या. ज्यांनी दोन दिवस दूध घरी ठेवलं होतं त्यांनीही घरच्या वापरातले चार-चार पेले जास्त आणले होते. मी दुधाची फॅट तपासली, माप घेतलं. दोनशे एकोणतीस लिटर. दोन महिन्यांत एवढं झालं नव्हतं. आठ वाजले, साडेआठ वाजले. गाडी आली नाही. फोन केला तर संघाचा सुपरवायझर म्हणाला की तीन दिवस म्हणजे तीन दिवस, अर्ज करा. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

ऊन चढत होतं. सात किलोमीटरवर तेलगावच्या रस्त्याला दुसऱ्या गावचं केंद्र होतं, तिथं गाडी दहाला यायची. मी मेव्हण्याला उठवलं. मोटारसायकलीला दोन बाजूंनी दोन कॅन बांधले, मध्ये तो. सहा कॅन, तीन खेपा, जाऊन-येऊन बेचाळीस किलोमीटर. पहिल्या खेपेला मी त्याच्यामागं बसलो होतो, कारण तिथल्या सेक्रेटरीशी बोलणं भाग होतं. गोष्ट तिथंही आमच्या आधी पोचली होती. त्या सेक्रेटरीनं दोन्ही कॅनची झाकणं उघडली, वाकून बघितलं, मग लांब दांड्याचा डाव घेऊन तळापर्यंत ढवळलं, आणि तो डाव आमच्यासमोर उन्हात धरून बराच वेळ तपासला.

त्यानं रोज तसंच तपासलं. अर्ज मंजूर होऊन आमची गाडी सुरू व्हायला सेहेचाळीस दिवस लागले. सेहेचाळीस दिवस मेव्हण्यानं दूध वाहिलं, एक दिवस चुकला नाही, आणि एक दिवसही माझ्याकडं बघितलं नाही. त्याच्या पाली माझ्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात अंबाजोगाईच्या एका कॉलेजमधल्या मुलाला देऊन टाकल्या. साप द्यायला मात्र शेजारणींनी विरोध केला.