विहिरीपर्यंत गेलेलं तेल

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा वास होता. वडील कासारवाडीत एका दुरुस्तीच्या वर्कशॉपात होते. जळालेले ट्रान्सफॉर्मर टेम्पोतून यायचे. झाकण उघडून काळं पडलेलं तेल उपसायचं, आतली तांब्याची गुंडाळी बाहेर ओढायची, हे त्यांचं काम. हातमोजे कोणी दिले नाहीत आणि कोणी मागितलेही नाहीत. संध्याकाळी ते दाराबाहेरच पँट उतरवून टॉवेल गुंडाळायचे, मगच आत यायचे. तरी वास आत यायचाच. एका खोलीत आम्ही पाच जण, तो कुठं जाणार?

आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत सोडा घालून उकळायची. ते पाणी चाळीच्या गटारात सोडलं की वर रंग तरंगायचे आणि शेजारणी भांडायला यायच्या. माझ्या वह्यांना वडिलांचा हात लागला की पानातून आरपार दिसायला लागायचं. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "हिची वही म्हणजे वडापावचा कागद." एकीला मी त्यावरून मारलंही. पण दिसायचं ते तसंच, हे खरं.

वडिलांच्या मांड्यांवर, पोटऱ्यांवर बारीक काळे फोड यायचे. पावसाळ्यात ते इतके खाजायचे की झोपेत खाजवून रक्त काढायचे. आणि गुडघे दुखले की तेच तेल चोळायचे! वर्कशॉपातले सगळेच चोळायचे. बाटल्या भरून गावाकडे पाठवायचे, वातावर गुणकारी म्हणून. आई एकदा म्हणाली, "अवो, ज्याच्यानं फोड यायलेत, त्येच चोळायलाव व्हय?"

"फोड वरून हायेत, दुखणं आतून हाय," वडील म्हणाले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

आमच्याकडं फुकट मिळणारी ती एकच गोष्ट होती. कोणी ती टाकून देत नव्हतं, आणि सांडली तरी कोणी पुसत नव्हतं. वर्कशॉपामागच्या जमिनीवर गवत उगवायचं नाही. आम्ही पोरं तिथं क्रिकेट खेळायचो, मैदान सपाट म्हणून.

पुढं फोड पिकायला लागले तसं मालकानं वडिलांना घरी बसवलं. आई एका कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटायला जाऊ लागली. तिच्या ओव्हरटाइमवर मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, मग डिग्री. आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते, ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगते.

नोकरी लागली ती एका मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टरकडे. चाकणच्या काही कारखान्यांचे ट्रान्सफॉर्मर सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. त्यांतल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचं यार्ड माझ्याकडे आलं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात कित्येक पिंपं तेल असतं. ते कधी फुटून सांडलं तर बाहेर जाऊ नये म्हणून भोवती गुडघाभर उंचीचा सिमेंटचा कठडा बांधतात. कठड्याच्या तळाला एक नळी आणि व्हॉल्व्ह. पाऊस पडला की आत पाणी साचतं. त्यावर तेल नाही ना ते बघायचं, व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडायचं, परत बंद करायचा. यात अवघड काही नाही.

पहिल्याच फेरीत मला दिसलं की व्हॉल्व्ह उघडा आहे आणि त्याचं फिरवायचं चाकच काढून नेलंय. मी हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला विचारलं.

"ते आम्हीच काढलं मॅडम," तो अभिमानानं म्हणाला. "कोणीतरी शहाणा येऊन बंद करायचा, मग पाणी तुंबायचं. डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून आरोग्य खात्याची माणसं नोटीस देऊन गेली. साहेबांनी मला उभा-आडवा घेतला. आता टेन्शनच नाही."

"आणि तेल सांडलं तर?"

"आजवर कुठं सांडलंय? डास रोजचे आहेत मॅडम. तेलाचं कधीतरी."

मी सेफ्टीवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, कठडा सिव्हिलचा. सिव्हिलवाले म्हणाले, पाण्याचं हाउसकीपिंग बघतं. माझा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "आपलं काम ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या तेलाचं. बाहेर नाक खुपसायचं नाही." तेलाला मालक होता, भिंतीला होता, पाण्याला होता. व्हॉल्व्ह कोणाचाच नव्हता.

त्या पावसाळ्यात एका गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या जोडातलं रबर फाटलं. दिवसभर पाऊस होता, दिवसभर तेल गळत राहिलं. पातळी उतरली तसा तो ट्रान्सफॉर्मर आपोआप बंद पडला. दुसऱ्यावर दिवे चालू राहिले, म्हणून कोणी फिरकलं नाही. शुक्रवारी सकाळी गार्डचा फोन आला, "मॅडम, यार्डात पाय घसरतोय."

मी घरून, पुनावळ्याहून पोचेपर्यंत हाउसकीपिंगची पोरं गटारात पाइपनं पाणी मारत होती. साबणाची पावडर टाकून, झाडू घेऊन, मन लावून. कठड्यात तेल थोडंसंच उरलं होतं. बाकी सगळं त्या बिनचाकाच्या व्हॉल्व्हमधून पावसाच्या पाण्याबरोबर गटारात आणि गटारातून कंपाउंडच्या भिंतीखालून बाहेर गेलं होतं.

"पाणी बंद करा!" मी ओरडले. "आधी बंद करा ते!"

"मॅडम, साफ करतोय."

"साफ नाही, पुढं ढकलताय."

पान्यानं मी व्हॉल्व्हचा दांडा आवळला. मग पॅकिंगच्या शेडमधून लाकडाचा भुसा मागवला, गोणपाटं मागवली, वाळूच्या गोण्या भरायला लावल्या. भिंतीपलीकडं ओढा आहे. तिथं गोण्यांचा बांध घातला आणि त्याच्या तळातून पाइप टाकला, म्हणजे खालचं पाणी जातं आणि वर तरंगणारं तेल अडकतं. तासाभरात बांधाजवळ जाड थर जमला. भुसा टाकायचा, तेल पिऊ द्यायचं, फावड्यानं उचलून पिंपात भरायचा. तो भुसा जाळायचा नसतो, कुठं फेकायचाही नसतो. पिंपात बंद करून घातक कचऱ्याच्या ठिकाणीच द्यावा लागतो. हे सांगत असताना एक कामगार बाजूला बाटली भरताना दिसला.

"गुडघ्याला लागतं मॅडम. आईला."

मी बाटली काढून घेतली. त्याला वाटलं असेल, बाई किती कडक आहे.

पण बांध घालायला उशीर झाला होता. ओढ्याच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, एक दगडी विहीर आहे. तिच्या काठावर एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या घरची बरीच जमीन कारखान्यांत गेलेली, राहिलेल्या तुकड्यात ही विहीर, गोठा आणि तीन म्हशी. पिण्याचं पाणी हेच, म्हशींचंही हेच, आणि दुधावर तिची स्वतःची कमाई. मुलगा तिला पोसायला तयार होता, पण ती त्याच्याकडे हात पसरायला तयार नव्हती.

"ये बया, हिकडं ये," तिनं मला हाक मारली. "ह्ये काय सोडलंय तुमी? म्हशी तोंड लावंनात."

विहिरीच्या पाण्यावर निळे-जांभळे पट्टे फिरत होते. तेल ओढ्याच्या बाजूनं, दगडांच्या फटींतून उतरत होतं.

"आजी, मोटार लावू नका," मी म्हणाले. "पाणी खाली गेलं की तेल भिंतीला धरून खाली जाईल, दगडांत शिरेल. वरचंच वर उचलायचं आपण. उद्या माणसं घेऊन येते."

"लावत न्हाई. पर पानी पिण्यावानी व्हईल का?"

"वेळेत उचललं तर होईल."

ते मी मनापासून सांगितलं होतं. झालंही असतं.

दुपारी कंपनीच्या मॅनेजरला मी विहिरीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्यासमोरच फोन लावला, म्हातारीच्या मुलाला. मुलाच्या दोन बस कंपनीत कामगार आणायला लागलेल्या होत्या. बोलत बोलत ते केबिनबाहेर गेले; काय ठरलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शनिवारी भुसा आणि माणसं घेऊन गेले तर विहीर तळाला गेलेली. मुलानं संध्याकाळपासून मोटार चालवून सगळं पाणी शेतात उपसलं होतं. आतली दगडी भिंत वरपासून खालपर्यंत चकाकत होती. शेतातल्या मेथीवर तेलाचा थर बसला होता.

"साहेब म्हणाले, उपसून टाक, नवीन पाणी येईल," मुलगा म्हणाला. "बरोबरच आहे ना, मॅडम? जुनं पाणी गेलं, घाण गेली."

उत्तर म्हातारीनं दिलं.

"घान न्हाई गेली मुडद्या, पार दगडात घातलीस तू. सांगितलं व्हतं ना ह्या पोरीनं? मी बोंबलत व्हते, मोटार बंद कर."

"आई, गप. आपल्या गाड्या लागल्यात तिथं."

"तुझ्या गाड्या लागल्यात. माझी हीर व्हती."

नवीन पाणी आलं, आणि प्रत्येक पावसात दगडांच्या फटींतलं तेल त्यात उतरत राहिलं. म्हशींना टँकरचं पाणी विकत आणून पाजायचं तर दुधात काय राहणार? पहिली म्हैस महिन्याभरात गेली, बाजारात. मला कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलं, "रिपोर्टला लिही, तेल आवाराच्या आतच थांबलं. मॅनेजर साहेबांची तशी इच्छा आहे."

"थांबलं नाही सर."

"अगं, तुला कोण विचारतंय?"

मी लिहिलं नाही. तेवढ्यात म्हातारी स्वतःच गेटवर आली, दुधाची किटली घेऊन. किटलीत विहिरीचं पाणी होतं. गार्ड सोडेना, आत कोणाला भेटायचंय त्याचं नाव पासवर लागतं. मी माझं नाव दिलं.

त्या दिवशी प्लांटचे मोठे साहेब मीटिंगला होते. मी तिला सरळ तिथंच घेऊन गेले. तिनं किटली काचेच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. एसीच्या खोलीत तो वास लगेच पसरला. मला तो लहानपणापासून ओळखीचा. बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावले.

मॅनेजर म्हणाले, "सर, विहिरीवर पंप असतो, डिझेल सांडलेलं असणार."

"माझी मोटार लाइटीवर चालती, सायेब," म्हातारी म्हणाली. "डिझेल कुठनं आणू? तुमच्याच घरनं?"

कोणीतरी हसलं. मोठे साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर परत भरायला सहा पिंपं तेल लागलं, सर. यार्डातून आणि ओढ्यातून मिळून आम्ही दोन उचललं. चार पिंपं गेली कुठं, ते ह्या आजींनी आणून दाखवलंय."

मोठ्या साहेबांनी वाकून किटलीत बघितलं. मग साहेब म्हणाले, "विहीर साफ करायची. जे लागेल ते."

आठवडा उलटायच्या आत कॉन्ट्रॅक्टरनं मला कामावरूनच काढलं. "पासवर नाव टाकायला सांगितलं होतं कोणी? डिग्री भिंतीला टांग आणि घरी बस आता." घरी मी काही दिवसच बसले. वडिलांनी विचारलं, नोकरी का गेली. मी सांगितलं. ते म्हणाले, "तेलासाठी?" त्यांना खरंच कळलं नाही. सांडलेल्या तेलासाठी कोणी भांडतं, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं, नोकरीपेक्षा जास्त.

पुढची नोकरी चाकणबाहेर, कमी पगाराची मिळाली, पण मिळाली. विहिरीची बातमी मी म्हातारीला फोन करून घेत राहिले. कंपनीनं माणसं लावली. तेल शोषणाऱ्या चादरी टाकल्या, आतले दगड घासले, सांधे खरवडून परत भरले, शेतातली वरची माती उचलून नेली. पाणी तपासायला गेलं, नापास झालं. परत साफ केलं, परत नापास. शेवटची म्हैस त्या दिवाळीच्या आधी गेली.

"गोठा झाडती मी अजून," ती एकदा फोनवर म्हणाली. "सवय हाय."

कंपनीनं तिच्या दारापर्यंत नळ आणून दिला. मुलाच्या बस अजून चालू आहेत. मायलेक बोलत नाहीत.

मधल्या काळात नोकरी बदलून मी परत चाकणला आले. आता सात यार्डं माझ्या अखत्यारीत आहेत. सगळीकडे कठड्यावर पत्र्याचं छप्पर टाकून घेतलंय, म्हणजे पाणीच साचत नाही. व्हॉल्व्ह बंद आहेत, चाकं जागेवर आहेत, त्यांना कुलपं आहेत आणि किल्ली माझ्याकडे आहे. त्या जुन्या कंपनीनंही छप्पर घातलं आणि तेल-पाणी वेगळं करणारी टाकी बांधली. तिथून परत तेल बाहेर गेलेलं नाही. विहिरीचं पाणी शेवटच्या तपासणीत शेतीला चालेल असं निघालं. माणसांना आणि जनावरांना चालत नाही.