स्पेनच्या लढाईतला ठेचा

इराचा फोन आला तेव्हा मी वॉलॉंगॉंगहून सिडनीला चाललेल्या ट्रेनमध्ये होतो. "काका, बाबा इज गॉन," एवढंच म्हणाली. वसंतदादा, माझे शेजारी, पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर... महिना होऊन गेला, पण आठवण आली की रडू येण्याआधी हसूच येतं.

निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात. दादांनी दोनशे वर्षांपूर्वीचं स्पेनचं युद्ध हाती घेतलं. फ्रेंच बादशहाची फौज स्पेनमध्ये घुसते, राजा गादी सोडतो आणि खेड्यापाड्यांतली साधी माणसं डोंगरांतून छापे घालत सहा वर्षं त्या बलाढ्य फौजेला जेरीस आणतात. "अरे, हा तर आपला गनिमी कावा!" म्हणत त्यांनी थेट मराठीतच पुस्तक लिहायला घेतलं. रोज एक पान, तेही हाताने. शनिवारी दुपारी मला वाचून दाखवायचे. एकदा छाप्याला निघालेल्या स्पॅनिश पोराला त्याची आई भाकरी आणि ठेचा बांधून देते, असं आलं. मी उडालोच.

"दादा, स्पेनमध्ये ठेचा?"

"मग काय, उपाशी लढायला पाठवू? गप ऐक!"

"नशीब, तो मला नाही कुटायला लावला," वहिनी आतून म्हणाल्या. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही. ठेचा काही त्यांनी खोडला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना सलायची. इरा इथेच जन्मलेली. मराठी समजायचं, वाचता येत नव्हतं. शेवटच्या भेटीत त्या पानांची फाइल माझ्या हातात देत म्हणाले, "एवढं लिहिलं, आणि माझी पोरच वाचणार नाही रे... तिला वाचून दाखवू नकोस हं. वाचायला शिकव." मी हो म्हटलं खरं, पण मनात धाकधूक होती. युनिव्हर्सिटी आणि नोकरी सांभाळून ही मुलगी कशाला येतेय?

आली! आता दर रविवारी येते, बोट ठेवून अक्षरं जुळवते, जोडाक्षराला अडते, चिडते, मग स्वतःच हसते. परवा तिसरं पान संपलं. फ्रेंचांनी अजून सरहद्दसुद्धा ओलांडलेली नाही.

"या वेगाने सहा वर्षांचं युद्ध आपल्याला दहा वर्षं पुरेल," मी म्हणालो.

"नो रश, काका," तिने पान उलटलं. "तेवढी वर्षं बाबा बोलत राहील ना."