पुलीचा मधला बोल्ट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील तर ते माझ्या मामांचे. ते सुरतला फिटर होते. माझे आईवडील शाळेत गेले नव्हते. नंदुरबारकडच्या तालुक्याच्या गावी शिकून मी बी.एस्सी. झालो, आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून मामांनी मला उधन्याच्या आपल्या दीड खोलीत ठेवून घेतलं. मी तीन वर्षं राहिलो. मामी तव्यावरची पहिली भाकरी मला वाढत. मामा गल्लीत भेटेल त्याला सांगत, "मना भाचा ग्रॅज्युएट शे." अशा माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास माझ्यामुळे गेला. तो परत मिळावा म्हणून मी काय केलं आणि किती उशिरा केलं, ते इथे लिहितो आहे.

मामा आधी लूम दुरुस्त करत, नंतर कामरेजच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात इंजिनं बांधू लागले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. गॅरेजच्या शेठना त्यांच्या आफ्रिकेतल्या भावाने एक जुनी जपानी गाडी पाठवली. तिचं इंजिन रोटरी होतं आणि ते आवाज करत होतं. सुरतेत कोणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. मामांनी ते उघडलं, तेव्हा शेठ डोकावून आपल्या जावयाला टोला देत म्हणाले, "पिस्टन नथी, तोय दोडे छे? मारा जमाई जेवुं. नोकरी नथी, तोय दोडे छे."

गाडीबरोबर इंग्रजी मॅन्युअल आलं होतं. मामा चौथी शिकलेले. मी दोन महिने संध्याकाळी बसून त्या पुस्तकातलं कामाचं सगळं मराठीत एका वहीत उतरवून दिलं. शेठ मला "ग्रॅज्युएट साहेब" म्हणून चिडवत, पण मामा ती वही हात पुसल्याशिवाय उघडत नसत.

या इंजिनात तीन कोपऱ्यांचे दोन रोटर एका शाफ्टवर फिरतात. प्रत्येक रोटरच्या पोटात एक गोल बेअरिंग दाबून बसवावं लागतं. ते केसभर तिरकं गेलं तर शाफ्टला आवळतं. सैल बसलं तर चालू इंजिनात जागच्या जागी फिरतं आणि तेलाची वाट बंद करतं. मामांनी त्यासाठी खरादावर, म्हणजे लेथवर, पोलादाचा एक ठोकळा मापात कातून घेतला. बेअरिंगची खूण रोटरच्या खाचेसमोर आणली, आणि प्रेसचा दांडा हळूहळू खाली घेताना डोळे मिटले. "डोळा फसाडस," ते म्हणाले, "हात नही फसाडत."

दुसरी नाजूक जागा शाफ्टच्या पुढच्या टोकाला होती. तिथे बारीक सुयांची दोन चपटी बेअरिंग आणि त्यांच्यामध्ये एक कडी असते. ती बसवताना इंजिन उभं करायचं, पुढचं तोंड वर. मग शाफ्टच्या टोकावर बसणाऱ्या पुलीचा मधला मोठा बोल्ट आवळला की सगळं जागेवर धरून राहतं. त्यानंतर शाफ्टला पुढे-मागे हलायला किती जागा उरली ते डायल गेजवर, म्हणजे काट्याच्या मापयंत्रावर, बघायचं. मामांनी तीनदा बघितलं. तिन्ही वेळा माप बरोबर आलं. मग त्यांनी इंजिन आडवं केलं.

दसरा दोन दिवसांवर होता. गाडी पूजेला उभी राहिली पाहिजे, असा शेठचा हट्ट होता. दुपारी मामा ऑइल सील आणायला शहरात गेले. मी इंजिनासमोर बसलो होतो. सगळं स्वच्छ होतं, फक्त पुली गंजलेली. पूजेला हार पुढेच पडणार, लोक पुढूनच बघणार. मामांचं काम इतकं सुंदर आणि तोंडावर गंज, हे मला बघवेना. शाफ्ट फिरू नये म्हणून मागच्या फ्लायव्हीलला अडकण लावून मी मधला बोल्ट सोडला, पुली काढली आणि कतारगामच्या पॉलिशवाल्याकडे सायकलवर नेली. चकचकीत करून आणली, बसवली, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याइतका मोजून आवळला. आकडा अचूक होता. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आडव्या इंजिनात तो बोल्ट सोडला की आतली कडी आणि सुयांचं बेअरिंग सैल होऊन खाली सरकतं. पुन्हा आवळताना ते कडेला चेपतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून बोल्ट सोडला तर इंजिन पुन्हा उभं करून डायल लावायचा. हे वाक्य वहीत माझ्याच अक्षरात होतं.

मामा आले, पुली बघून हसले. "कोणी घासी?" मी म्हणालो, "मी." त्यांना वाटलं जागेवरच घासली असेल. मी खुलासा केला नाही. लपवायचं म्हणून नव्हे, त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच माझ्या ध्यानात आलं नाही.

दसऱ्याला गाडीला हार घातला, फाफडा-जलेबी वाटली. शेठ घरच्यांना घेऊन हजीऱ्याच्या रस्त्याला गेले आणि गाडी दोरीने ओढून परत आणावी लागली. तेलाचा दाब गेला होता, इंजिन जाम.

उघडलं तेव्हा पुढच्या सुयांचा चुरा झालेला होता. तो तेलातून सगळीकडे फिरला होता. दोन्ही रोटरची बेअरिंग ओरबाडून तांबं दिसत होतं, आणि मागचं एक जागेवरून फिरलं होतं. मामांनी ते हातात घेऊन अंगठ्याने त्याची कडा चाचपली. मग त्यांनी हिशोब मांडला, आणि तो हिशोब बिनचूक होता. पुढचं माप आपण तीनदा डायलवर बघितलं, तेव्हा पुढे चूक नाही. रोटरमध्ये डायल नव्हता, तिथे फक्त हात होता. तेव्हा चूक तिथलीच, तेल तिथे अडलं आणि सुया त्यामुळे गेल्या.

"शेठ," ते म्हणाले, "दुसऱ्या कोणाचा दोष नाही. माझा हात चुकला."

शेठ चांगले माणूस. म्हणाले, "मिस्त्री, लोखंड छे. फरीथी करशुं." लोखंडच ते, पुन्हा करू. मी तिथेच उभा होतो. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. मी बोललो नाही. पुढच्या आठवड्यात हजीऱ्याच्या एका कारखान्यात माझी मुलाखत होती आणि तिथे शेठची ओळख लागणार होती. हे कारण लिहितानाही लाज वाटते, पण दुसरं नव्हतं.

नोकरी लागली. मामांनी पेढे वाटले. शेठ नको म्हणत असताना त्यांनी गॅरेज सोडलं. मामी चिडवायच्या, "हातले मेंदी लाई का? कामले काय झाय?" ते हसून तळवे बघत. दिवाळीनंतर दोघं गावी गेले आणि मामा पिठाच्या गिरणीवर दळण दळू लागले.

चार वर्षांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी गेलो. गिरणीच्या पट्ट्याचं बेअरिंग गेलं होतं. साधं, कोणीही बसवावं असं. मामांनी हातोडा माझ्याकडे दिला आणि दोन पावलं मागे सरकले. "तूच बसव, भाचा. मना हातना भरोसा नही." मी खाली मान घालून ते बसवलं. तोंडावर सांगण्याचा धीर तेव्हाही झाला नाही. सुरतला परतल्यावर दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं.

पत्र पोचल्याचं मामींकडून कळलं. मामांनी ते मनातल्या मनात दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि नेहमीसारखे गिरणीवर गेले. मला उत्तर आलं नाही. पुढे भेटलो तेव्हा त्यांनी जेवलास का विचारलं, पगार वाढला का विचारलं. हत्यार त्यांनी परत हातात घेतलं नाही. पत्राची प्रत माझ्याजवळ आहे.

"तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

शेठच्या गाडीचं इंजिन तुमच्या हातामुळे गेलं नाही. तुम्ही सील आणायला गेला होतात, तेव्हा मी पुली पॉलिश करायला काढली. त्यासाठी मधला बोल्ट सोडला. इंजिन आडवं होतं. परत आवळल्यावर मी डायल लावला नाही. पुढच्या सुया तिथे चेपल्या, त्यांचा चुरा तेलात गेला, आणि त्याने रोटरची बेअरिंग खाल्ली. मागचं बेअरिंग फिरलं ते त्या चुऱ्याने आवळलं म्हणून. तुम्ही ते सरळ बसवलं होतं. मी समोर होतो, मी बघितलं आहे.

तुम्ही शेठना सांगितलंत तेव्हाच मला हे माहीत होतं. मुलाखतीसाठी गप्प राहिलो. नंतर गप्प राहायची सवय झाली.

काल शेठकडे जाऊन मी हे सगळं सांगितलं.  ते म्हणाले, मिस्त्रीला लिही.

क्षमा मागत नाही, कारण ती तुम्ही लगेच द्याल. एवढंच मागतो, की हे पत्र मामींना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनाही तुमचा हात चुकला असंच वाटतं.

आपला भाचा"