काकूंची चौकशी

होणाऱ्या व्याह्यांशी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मी स्पॅनिशमध्ये म्हणालो, ‘तुम्ही फारच उशिरा आलात.’ म्हणायचं होतं ‘अगदी वेळेवर’, पण मोबाईलवर पाठ केलेलं ‘तार्दिसिमो’ ठोकून दिलं. स्पेनमधले ते सज्जन माफीच मागत बसले. माझ्याशेजारी बसलेल्या शकुंतलाकाकू पदर तोंडाला लावून हसल्या.

काकू आमच्या शेजारच्या, मूळच्या मंद्रूपच्या. चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात स्पॅनिश गिऱ्हाइकांशी भांडता भांडता भाषा शिकलेल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. पण भाजीवाला ‘सगळ्यात ताजी’ म्हणाला, की अजून त्यांचा आवाज ऐकू येतो, “कुणापेक्षा रे?”

“इसिमो जोडलं की नुसतं ‘लई’ होतंय,” त्या पहिल्या कॉलवरच त्यांनी मला सुनावलं. “तार्दिसिमो म्हंजे लई उशिरा. सगळ्यात उशिरा म्हणायचं तर ‘मास तार्दे’, आन् फुडं कुणापेक्षा ते सांगायचं. ‘के नादिए’, कुणाहीपेक्षा. शाणी भाषा हाय. बोलणाऱ्याला मोकळं सोडत न्हाय.”

आमच्या ऋचानं तिकडे नोकरीला असताना पाब्लोला पसंत केलेलं. मुलगा बरा वाटत होता, पण इतक्या दूरच्या घराची चौकशी करायची कुणाकडं? तेवढ्यात पाब्लो म्हणाला, “ऋचावर मी कुणाहीपेक्षा जास्त प्रेम करतो.” मास के नादिए! बायकोचे डोळे भरले. काकूंचे बारीक झाले.

“नमुना समदेच चांगला दावत्यात,” असं मला म्हणत त्यांनी पाब्लोला विचारलं, “किएन कोमे मास तार्दे? घरात सगळ्यात उशिरा कोण जेवतं?”

“कुणीच नाही. आम्ही एकत्र बसतो.”

“व्हय व्हय,” काकू मराठीत पुटपुटल्या.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे त्यांच्या दुपारच्या जेवणाच्या वेळेला, काकूंनी न कळवता फोन लावायला लावला. पाब्लोची आई जेवत होती. वडील ॲप्रन बांधूनच टेबलाशी बसलेले. पाब्लो आजीच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होता. काकूंनी फोन फिरवून स्वयंपाकघरही दाखवायला सांगितलं. तिथं वाट बघत उभं कुणी नव्हतं.

“द्या पोरगी,” काकू म्हणाल्या. “पण लग्नानंतरबी एकदा असाच फोन लावायचा.”

त्या रात्री माझं आणि आईचं जेवण उरकल्यावर बायको आपलं ताट वाढून घेत होती. मी म्हटलं, “काकू जरा अतीच करतात, नाही?”

“बरं झालं,” ती म्हणाली, “आपलं लग्न ठरताना त्या माझ्या बाबांच्या शेजारी राहत नव्हत्या.”